पेटीतलं बाळ: कमी दिवसांच्या बाळाभोवती दिवसरात्र काय चालतं?

"बाळाला पेटीत ठेवलंय." बाळंतपण वेळेआधी झालं की घरी फोनवर एवढंच कळतं आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पेटीत बाळाचं नेमकं काय करतात, त्याला दूध कोण पाजतं, आईला सारखं आत का बोलावतात, इतके दिवस का लागतात, हे उलगडून सांगायला कुणाला वेळ नसतो. मग दवाखान्याच्या आवारात बसलेले नातेवाईक आपापल्या परीने अर्थ लावतात. मशीन बाळाला वाढवतंय, आपण फक्त वाट पाहायची, असा बहुतेकांचा समज होतो.

मी नवजात कक्षात परिचारिका आहे. पेटी बाळाला ऊब देते, त्यापलीकडे ती फारसं काही करत नाही. दूध, श्वासावरची नजर, जंतूंपासून राखण, दुखणं कमी करणं हे सगळं माणसांच्या हातांनी, तासातासाला करावं लागतं. त्यातलं बरंच काम बाळाची आईच सर्वांत चांगलं करू शकते. म्हणून हे काम कसं चालतं ते घरच्यांना नीट माहीत असायला हवं.

गर्भाचे पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं, ३२च्या आतलं फार कमी दिवसांचं आणि २८च्या आतलं अतिशय नाजूक. वजनाचा हिशेब वेगळा असतो. अडीच किलोच्या खाली कमी वजन, दीड किलोच्या खाली फार कमी आणि एक किलोच्या खाली अत्यंत कमी. काही बाळं पूर्ण दिवसांची असूनही पोटात नीट पोसली न गेल्याने लहानखुरी जन्मतात. २०२० साली जगात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात. म्हणजे ही वेळ तुमच्या घरी, भावकीत किंवा शेजारी कधी ना कधी येणारच आहे.

सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. हे खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची तब्येत सातव्यातल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच बरी असते. या समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या बाळाबद्दल लोक आशा सोडतात आणि दवाखान्यात आणायला उशीर करतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

जन्माआधीच्या चार सुया

कमी दिवसांच्या बाळाची शुश्रूषा खरं तर ते पोटात असतानाच सुरू होते. फुप्फुसात हवेचे लाखो बारीक फुगे असतात. ते मिटू नयेत म्हणून आतून एक निसरडा पदार्थ पाझरतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार व्हायला ३४-३५ आठवडे जावे लागतात. तो नसेल तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तसे हे फुगे प्रत्येक श्वासाला चिकटतात आणि दर वेळी ते नव्याने उघडताना बाळ दमून जातं.

न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर अभ्यास करत होते. स्टिरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा बरा श्वास घेतात, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आणि हॉवी या बालरोगतज्ज्ञांनी हाच उपाय वेळेआधी कळा सुरू झालेल्या बायकांवर तपासला आणि १९७२ साली निष्कर्ष मांडले. आज आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण होण्याची चिन्हं दिसली की आईला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, दर १२ तासांनी एक, अशी चार. पहिला डोस गावातली एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्ससुद्धा देऊन पुढे पाठवू शकते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट कडक होऊ लागलं, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर "बघू सकाळी" म्हणू नका. त्या रात्रीच्या काही तासांचा बाळाच्या फुप्फुसांना फार उपयोग होतो. आणि बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या दवाखान्यात हलवणं हे जन्मानंतर बाळाला ॲम्ब्युलन्समधून हलवण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

ऊब

या बाळांच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठा असतो. पूर्ण दिवसांचं बाळ हातपाय आखडून घेतं. कमी दिवसांचं बाळ ते पसरून टाकतं, त्यामुळे ऊब आणखी निसटते. थंड पडलेलं बाळ अंग गरम ठेवण्यात आपली साखर आणि ऑक्सिजन संपवतं. साखर उतरते, श्वास बिघडतो आणि बाळ दूध घ्यायचं थांबतं. अनेक संकटांची सुरुवात अशी नुसत्या गारठ्याने होते. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवं. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला तर जन्मल्याबरोबर, न पुसताच, मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, म्हणजे अंगावरच्या ओलाव्याबरोबर ऊब उडून जात नाही.

ज्याला सगळे पेटी म्हणतात, तो बहुतेक वेळा उघडा वॉर्मर असतो. वरून उष्णता देणारा दांडा आणि खाली बाळाचा पाळणा. बाळाच्या पोटावर उजवीकडे एक छोटी चकती चिकटवलेली असते. ती कातडीचं तापमान मोजते आणि त्यानुसार वॉर्मर आपली उष्णता कमीजास्त करतो. ही चकती सुटली तर काय होतं, हे नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी शिकवतात. चकती हवेत लोंबते, हवा थंड असते, वॉर्मरला वाटतं बाळ गार पडलंय, आणि तो तापत जातो. बाळ मात्र खाली भाजून निघतं. म्हणून पडद्यावरच्या आकड्यावर आम्ही कधीच पूर्ण विसंबत नाही. चकती जागेवर आहे का हे पाहायचं, थर्मामीटर काखेत लावायचं आणि आपल्या हाताच्या पाठीने बाळाला शिवून बघायचं.

शिवून बघणं तुम्हालाही जमेल, आणि घरी गेल्यावर तुम्हाला याचाच आधार असेल. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार आणि गुलाबी, तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार, म्हणजे बाळ ऊब राखण्यासाठी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. पोट आणि तळपाय दोन्ही गार असतील तर धोका आहे. छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

आईची छाती

कोलंबियात बोगोटा इथल्या मोठ्या प्रसूतिगृहात १९७८च्या सुमारास इनक्युबेटर कमी आणि बाळं जास्त, अशी परिस्थिती होती. एका पेटीत दोन-दोन बाळं, त्यामुळे जंतुसंसर्ग. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं थेट आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. गरजेपोटी सुचलेली ही युक्ती पुढे जगभर तपासली गेली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातही यावर चाचणी झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झाली. छातीवर ठेवलेल्या बाळांची वाढ जास्त चांगली दिसली.

पण खरा बदल २०२१ साली आला. तोवर पद्धत अशी होती की बाळ आधी स्थिर होऊ द्यायचं, मग आईकडे द्यायचं. दिल्लीसह पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. त्यात १ ते १.८ किलो वजनाची बाळं जन्मल्यानंतर लगेचच, ती स्थिर व्हायची वाट न पाहता, छातीवर दिली गेली. त्या बाळांमधले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसच केली: लगेच सुरू करा आणि दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितका जास्त वेळ ठेवा.

करायचं कसं? बाळाला टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच घालायचं. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये त्याला उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडून. मान एका बाजूला वळवायची आणि किंचित वर, म्हणजे नाक दबणार नाही आणि आपल्याला त्याचा चेहरा दिसत राहील. वरून मऊ सुती कापड बांधायचं, त्यावर गाऊन किंवा पदर. आई थकली तर बाबा, आजी, मावशी कुणीही निरोगी माणूस बसू शकतं. बाबा पहिल्यांदा बसतात तेव्हा श्वाससुद्धा जपून घेतात. अर्ध्या तासाने मॉनिटरवरचे बाळाचे ठोके शांत झालेले त्यांना दिसतात आणि मग ते उठायला तयार नसतात.

मला यातली एक गोष्ट मनापासून खटकते. अजूनही अनेक ठिकाणी आईला भेटायला येणाऱ्या पाहुण्यासारखं वागवतात. दारावर थांबवतात, काचेतून बाळ दाखवतात आणि ठरलेल्या वेळीच आत सोडतात. जंतूंचं कारण सांगितलं जातं. पण हात नीट धुतलेली आई बाळाला जे जंतू देते, ते तिच्या कातडीवरचे नेहमीचे, बहुतेक निरुपद्रवी जंतू असतात. कक्षातले औषधांना न जुमानणारे जंतू त्याहून कितीतरी घातक. जागा नाही ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय खुर्च्यांचा आणि पलंगांचा आहे, दार बंद ठेवण्याचा नाही.

दूध

"सिस्टर, हिला दूधच येत नाही. पावडरचं चालू करा ना." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक आजी बोलतात, आणि काळजीपोटीच बोलतात. त्यांना आधी आकडा सांगावा लागतो. १२०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी सलाइन आणि दूध मिळून लागतं साधारण ९६ मिली. ते सगळं दुधातून द्यायचं ठरवलं तरी दर दोन तासांनी फक्त ८ मिली, म्हणजे दीड चमचा. सुरुवातीला तर एकेक-दोनदोन मिलीच देतात. पहिल्या दिवसांत आईला जे पिवळसर चिकाचं दूध थेंबाथेंबाने येतं, तेवढं या बाळाला पुरतं. ते कमी नसतं, बाळाचं पोटच तेवढं असतं.

शिवाय आईचं दूध या बाळांसाठी औषधाचं काम करतं. कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा एक भयंकर आजार असतो. पावडरच्या दुधावर तो जास्त होतो, आईच्या दुधावर कमी. दूध उतरवायचं असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने पिळायला सुरुवात करायची आणि दिवसातून आठ ते बारा वेळा पिळायचं, रात्रीसुद्धा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. बोंडशी ओढायची नाही. बाळ छातीवर असताना किंवा त्यानंतर लगेच पिळलं तर दूध जास्त येतं, हे आयांनी मला दाखवून दिलं आहे.

३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही. जबरदस्तीने पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. म्हणून तोंडातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात. नळी किती आत घालायची हे बाळाच्या अंगावरच मोजतात. नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत, आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मधोमध. तिथे खूण करायची. नळी घातल्यावर ती पोटातच गेली आहे याची खात्री करायची, कारण ती चुकून फुप्फुसाकडे गेली असेल तर दूध तिथेच जाईल. मग सिरिंजचा दांडा काढून टाकायचा, नुसती नळकांडी नळीला जोडायची, त्यात दूध ओतायचं आणि थोडं उंच धरून ते आपल्या वजनाने उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. त्या आठ मिलीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ सिस्टर हात उंच धरून बाळाच्या चेहऱ्याकडे बघत उभी असते. ओठ निळे पडतायत का, पोट फुगतंय का, ठोके उतरतायत का. एक संपलं की पुढचं बाळ, आणि दोन तासांनी पुन्हा पहिलं.

त्याच वेळी बाळाला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनाला लावतात. त्याला दूध मिळत नाही, पण ओढायचा सराव होतो आणि पोटात पडणाऱ्या दुधाशी त्याची सांगड बसते. ३२-३४ आठवड्यांच्या आसपास वाटी-चमचा किंवा बोंडलं सुरू होतं. हो, आपल्या आजीच्या ट्रंकेतलं तेच चोचीचं बोंडलं. दक्षिणेत त्याला पलाडाय म्हणतात आणि नवजात कक्षांत ते सर्रास वापरतात. बोंडलं उकळून घेता येतं, बाटलीच्या निपलमध्ये मात्र जंतू दडून राहतात. नंतर हळूहळू अंगावर पाजणं येतं.

एखाद्या आईचं दूध खरंच आलं नाही, किंवा ती स्वतः अतिदक्षता विभागात असली, तर दुसऱ्या आईचं दान केलेलं दूध पावडरपेक्षा चांगलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. दान देणाऱ्या आयांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त केलं जातं.

वजनाबद्दल एक सांगते. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत, फार लहान बाळाचं त्याहून थोडं जास्त उतरतं. ते अपेक्षितच असतं. नंतर रोज किलोमागे १५ ग्रॅमच्या आसपास वाढलं म्हणजे गाडी रुळावर आहे.

श्वास आणि ऑक्सिजन

कमी दिवसांचं बाळ श्वास घ्यायचं विसरतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून तयार झालेलं नसतं. २० सेकंदांहून जास्त वेळ श्वास थांबला, किंवा त्याआधीच ठोके उतरले आणि बाळ निळं पडलं, तर अलार्म वाजतो. बाहेरच्या माणसाला अलार्मची धास्ती वाटते. आत सिस्टर आधी बाळाकडे पाहते, मग पडद्याकडे. मान वाकडी झाली असेल तर सरळ करायची, तळपायाला टिचकी मारायची किंवा पाठ चोळायची. बहुतेक बाळं तेवढ्याने दचकून श्वास घेतात. नाही घेतला तर मास्क लावून फुग्याने हवा द्यायची. हे वारंवार झालं तर कॅफीन देतात. हो, चहा-कॉफीतलंच द्रव्य, औषध म्हणून मोजून दिलेलं. अनेक बाळांना नाकात छोट्या नळ्या लावून हलक्या दाबाने हवा देतात, म्हणजे फुप्फुसातले फुगे मिटत नाहीत. या नळ्या नाकाच्या मधल्या पडद्यावर घासून जखम करतात, म्हणून दर काही तासांनी त्या सैल करून नाक तपासणं हे परिचारिकेचं ठरलेलं काम.

ऑक्सिजनबद्दल मात्र घरच्यांच्या मनात गोंधळ असतो. "जास्त ऑक्सिजन लावा ना" अशी विनवणी आम्ही ऐकतो. १९४०च्या दशकात प्रगत देशांमध्येही तसंच करत, आणि हजारो बाळं वाचून आंधळी झाली. १९५०च्या दशकात कळलं की भरमसाट ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या अपुऱ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा सुटतो. म्हणून ऑक्सिजन घेणाऱ्या बाळाच्या रक्तातलं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांमध्येच ठेवायचं. आकडा ९९ दिसला तर चांगली सिस्टर खूश होत नाही, ती ऑक्सिजन कमी करते.

तेवढी काळजी घेऊनही हा डोळ्याचा आजार होऊ शकतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा दोन किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मल्यापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायलाच हवा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत सापडलं तर लेझरने बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. महिना उलटून गेला तर काही वेळा हातात काहीच उरत नाही. हा लेख वाचून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

एका परिचारिकेच्या नजरेतून आलेला उपचार

कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हा उपचार इंग्लंडमधल्या एका परिचारिकेमुळे सापडला. एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळत. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, असं त्यांचं मत. उन्हाळ्यात त्या बाळांना गुपचूप अंगणात नेऊन आणत. १९५६ साली एका बाळाला त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. बाळाचं अंग फिकट होतं, फक्त एक त्रिकोण गडद पिवळा. डॉक्टरांना वाटलं काही औषध फासलंय. सिस्टर म्हणाल्या, बाकीच्या अंगाचा पिवळेपणा उन्हाने गेला असणार, या जागेवर चादरीचा कोपरा होता. पुढे काचेच्या नळीत खिडकीजवळ राहिलेल्या रक्तातली कावीळही कमी झालेली आढळली. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली हे प्रसिद्ध केलं.

म्हणून घरी कोवळ्या उन्हात ठेवलं की झालं, असा अर्थ कुणी काढू नये. उन्हात बाळ एकतर भाजतं नाहीतर उघडं ठेवल्याने गार पडतं, आणि किती प्रकाश मिळाला हे मोजता येत नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूला कमी कावीळही इजा करू शकते. तळहात आणि तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. दिव्याखाली असताना बाळाचे डोळे झाकायचे, बाकी अंग जास्तीत जास्त उघडं ठेवायचं, कूस बदलत राहायचं आणि पाजण्यात खंड पडू द्यायचा नाही, कारण कावीळ शी-शूतूनच बाहेर पडते.

हात, आणि "बाळ कालच्यासारखं नाही"

या कक्षात सर्वांत जास्त जीव वाचवणारी वस्तू बेसिनवर असते. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, बाह्या कोपराच्या वर, आणि साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवायचे. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हात स्वच्छ करायचे. प्रत्येक बाळाचं थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप वेगळा. मोठ्या डॉक्टरांनाही यातून सूट नाही, आणि त्यांना तसं सांगायची हिंमत सिस्टरमध्ये हवी.

या बाळांना संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. उलट ती गार पडतात. काल दूध पचत होतं, आज पोटात साठतंय. काल डोळे उघडून बघत होतं, आज मलूल आहे. कातडीवर जाळीसारखे डाग. अनुभवी सिस्टर डॉक्टरांना म्हणते, "बाळ कालच्यासारखं नाही," आणि चांगले डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच त्यावर हालचाल सुरू करतात. आईच्या तोंडून हेच वाक्य आलं तर त्याचंही तेवढंच वजन असायला हवं.

दुखण्याविषयी थोडक्यात. पूर्वी समज होता की इतक्या लहान बाळाला वेदना कळत नाहीत. कळतात. म्हणून टाचेला सुई टोचताना हातपाय जवळ घेऊन हाताने अलगद आधार द्यायचा आणि जिभेवर आईच्या दुधाचे थेंब द्यायचे. लंगोट बदलणं, तापमान, दूध हे सगळं एकाच वेळी उरकायचं, म्हणजे मधे बाळाला सलग झोप मिळते. पेटीवर स्टीलचा ट्रे आपटला तर आत तो आवाज फार मोठा होतो. बाळ झोपेतच वाढतं.

वेळेआधी जन्मलेली बाळंच तेवढी जोखमीची, असं मात्र नाही. मधुमेह असलेल्या आईचं चार किलोचं गुटगुटीत बाळही आमच्याकडे येतं, कारण त्याची साखर जन्मल्यावर झपकन उतरते. जन्मल्यावर न रडलेलं, पोटातच शी गिळलेलं, जुळ्यातलं लहान, अशी सगळी बाळं या कक्षात असतात.

या सगळ्याला माणसं लागतात. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात एका पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी, आणि व्हेंटिलेटरवरच्या बाळाला तर जवळजवळ स्वतंत्र. तीन-चारच्या जागी दहा बाळं आली तर वर सांगितलेली कामं होत नाहीत. मग दूध घाईने ढकललं जातं, हात धुणं सुटतं, चकती सुटलेली दिसत नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ऑक्सिजन, तारा आणि उष्णतेची यंत्रं एकाच खोलीत असतात, तिथे वायरिंगची तपासणी, धुराचे अलार्म आणि रात्रपाळीला पुरेशी माणसं, यांतलं काहीच ऐच्छिक नसतं.

घरी गेल्यावर

अंग स्वतःहून उबदार राहतंय, सगळं दूध तोंडाने घेतंय, तीन दिवस सलग वजन वाढतंय आणि आईला आत्मविश्वास आलाय, अशा वेळी बाळाला घरी सोडतात. तेव्हा वजन साधारण १६०० ते १८०० ग्रॅम असू शकतं. इथून पुढची सिस्टर म्हणजे घरचे लोक.

छातीशी ठेवणं बाळ अडीच किलोचं होईपर्यंत चालू राहू द्या. अंघोळ घालू नका, ओल्या फडक्याने झटपट पुसा. शेगडी आणि धुरी तर नकोच, या बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. मध, गुटी, वरचं पाणी, नाकात-कानात तेल, काजळ यांतलं काहीच नको. आजींना वाईट वाटेल. त्यांना बाळाला छातीशी घेऊन बसायचं काम द्या, त्यांना ते आवडतं आणि बाळाला ते लागतंच.

घरी राहूनही किती करता येतं हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५पासून ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, उबेची पिशवी वापरणं, आजार ओळखणं आणि वेळेवर औषध देणं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आज आशाताई तुमच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात, त्यामागे हेच काम आहे. त्या आल्या की बाळाचं वजन करून घ्या आणि शंका मोकळेपणाने विचारा.

बाळ दूध ओढेनासं झालं, हलवल्याशिवाय हलत नाही, गार किंवा गरम लागतंय, मिनिटाला ६०पेक्षा जास्त श्वास घेतंय, बरगड्यांखाली छाती आत ओढली जातेय, झटके येतायत, तर रात्र काढू नका. १०८ला फोन करा. आजारी बाळावरचे सरकारी रुग्णालयातले उपचार आणि ने-आण एक वर्षापर्यंत मोफत आहेत.

डोळ्यांच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली आहे का ते दवाखान्यातून निघण्याआधीच बघा, आणि सोबत कानांच्या तपासणीचीही. बाळ कधी मान धरेल, कधी बसेल याची तुलना शेजारच्या बाळाशी करू नका. जितके आठवडे ते लवकर आलं, तितके त्याच्या वयातून वजा करून मोजा. दोन महिने लवकर आलेलं बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखं वागतं, आणि ते बरोबरच असतं. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालवायचा. लसीच्या तारखांना मात्र तो लावायचा नाही. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.